दाताच्या खुर्चीत बसण्याआधी: अँटिबायोटिकचा एक डोस कुणाला, कधी, किती

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीत बसायच्या आधी मी तीन गोष्टी विचारते. छातीचं ऑपरेशन झालंय का? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का? दर एकवीस दिवसांनी कमरेत इंजेक्शन घ्यायला जाता का? पुष्कळांना हा नसता चौकसपणा वाटतो. "मॅडम, दाढ दुखतीय की ओ, हार्टचं कशाला काढताय?" पण तिन्हींतल्या एकालाही 'हो' आलं की माझा त्या दिवशीचा क्रम बदलतो. कधी कधी दात त्या दिवशी निघतच नाही.

हे लिहितेय ते मुख्यतः घरच्या माणसांसाठी. फाइल कुठल्या कपाटात आहे ते त्यांनाच माहीत असतं. माझ्याकडे दोन प्रकारचे पेशंट येतात. ज्यांना दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक घेणं खरोखर गरजेचं आहे ते ऑपरेशनबद्दल अवाक्षर काढत नाहीत, आणि ज्यांना त्याची काही गरज नाही ते मेडिकलमधून पाच दिवसांचा कोर्स घेऊन, दोन दिवस खाऊनच येतात. पहिल्यांची संख्या कमी, पण धोका त्यांनाच.

हा डोस कशासाठी

तोंडात जंतू असतातच, निरोगी माणसाच्याही. दात उपटताना किंवा हिरडीखालचा मळ खरवडताना ते थोडा वेळ रक्तात उतरतात. धडधाकट शरीर त्यांचा लवकरच बंदोबस्त करतं. पण हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेला असेल, तर व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकाय नावाचे तोंडातले जंतू त्याला चिकटून तिथं वाढू शकतात. या आजाराला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. क्वचित होतो, पण झाला तर कित्येक आठवडे शिरेतून औषधं घ्यावी लागतात, कधी पुन्हा छाती उघडावी लागते, आणि माणूस दगावूही शकतो.

जंतू रक्तात उतरतील त्या वेळी औषध रक्तात हजर असावं, एवढाच या डोसचा हेतू. म्हणून तो कामाआधी घ्यायचा आणि एकदाच घ्यायचा. आधी दोन दिवस, नंतर तीन दिवस अशा गोळ्या खाऊन जास्तीचं संरक्षण मिळत नाही. उलट तोंडात त्या औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे शिल्लक राहतात.

कुणाला लागतो

अमेरिकन हार्ट असोसिएशनने या डोसबद्दल पहिली शिफारस १९५५ साली केली. पुढे कितीतरी वर्षं हृदयाचा कुठलाही दोष असला, की डोस, अशी पद्धत होती. २००७ मध्ये त्यांनी यादीला मोठी कात्री लावली, आणि २०२१ मध्ये तीच यादी थोड्या बदलांसह कायम ठेवली. जुन्या डॉक्टरांनी वीस वर्षांपूर्वी दिलेली 'दाताच्या कामाआधी गोळ्या घ्या' ही चिठ्ठी घेऊन लोक अजून येतात. ती चिठ्ठी त्या काळी बरोबर होती, आज कदाचित लागू नसेल.

आजच्या यादीत कोण? कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेले सगळे, मग तो धातूचा असो, प्राण्याच्या ऊतीपासून केलेला असो की मांडीतून नळी घालून बसवलेला. व्हॉल्व्ह दुरुस्त करताना रिंग किंवा क्लिप घातलेले. पूर्वी एकदा एंडोकार्डायटिस होऊन गेलेले. जन्मजात दोषांपैकी अंग निळं पडणारा दोष आणि त्याचं ऑपरेशन न झालेले, किंवा ऑपरेशन होऊनही कृत्रिम पॅचच्या जागी गळती राहिलेले. पॅच किंवा डिव्हाइस घालून दोष पूर्ण बंद झाला असेल, तर पहिले सहा महिनेच डोस, नंतर नाही. हृदय प्रत्यारोपण होऊन नव्या हृदयाच्या व्हॉल्व्हमध्ये बिघाड झालेले आणि हृदयाला मदत करणारा पंप बसवलेलेही यात येतात. आपल्याकडे असे लोक विरळाच.

जन्मजात दोषांबद्दल एक सांगते. शाळा-अंगणवाडीच्या तपासणीत दोष सापडून, सरकारी योजनेतून पुण्या-मुंबईला ऑपरेशन झालेली बरीच मुलं आता आपल्या जिल्ह्यात आहेत. मूल खेळायला लागलं की आईबाप ती फाइल बासनात बांधून ठेवतात, आणि ते साहजिक आहे. पण 'छिद्र बुजवलं' एवढ्यावर मला ठरवता येत नाही. कुठलं छिद्र, कशानं बुजवलं, कधी, आणि शेवटच्या टू-डी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) गळती आहे का, हे हवं. म्हणून येताना डिस्चार्ज कार्ड, शेवटचा एको आणि व्हॉल्व्ह बसवल्यावर मिळतं ते छोटं कार्ड आणा. मूळ कागद नको असतील तर मोबाइलवर फोटो चालतो. कागद गहाळ असतील तर जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन करा, किंवा इथल्या कार्डिओलॉजिस्टकडून दोन ओळी लिहून आणा. ठणका असह्य असेल, तर कागद येईपर्यंत दुखणं कमी करायचे उपाय माझ्याकडे आहेत.

कुणाला लागत नाही

इथे सगळ्यात जास्त वाद होतात. अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकलाय: नाही. बायपास झालंय: नाही. पेसमेकर आहे: नाही. यांतला कुठलाही पेशंट 'हार्ट पेशंट' म्हणून घाबरलेला असतो, आणि मी गोळ्या लिहून देत नाही म्हणजे हलगर्जीपणा करतेय असं घरच्यांना वाटतं. स्टेंटवाल्यांनी रक्ताची गुठळी न होण्याच्या गोळ्या दात काढायचाय म्हणून आपल्या मनानं बंद करू नयेत. त्यांचा खरा धोका तिथे आहे.

गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनाही सरसकट डोस नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलं. तुमच्या ऑर्थोपेडिक सर्जनना तुमच्या बाबतीत काही कारणानं तो हवाच वाटत असेल, तर त्यांनी तसं औषधासह लिहून द्यावं. मी अडवत नाही.

मधुमेह हा आपल्याकडचा घरोघरीचा पाहुणा. साखर ताब्यात असेल तर दात काढण्याआधी अँटिबायोटिकची गरज नाही. ताब्यात नसेल तर गोळी हा त्यावरचा उपाय नाही. घाई नसलेलं काम थांबवून आधी साखर खाली आणायची. येताना एचबीए१सीचा (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट आणा आणि नाश्ता करून, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सकाळी या. एकादशीचा उपवास आणि दात काढणं एका दिवशी नको. आषाढीच्या सुमारास हे मी रोज सांगते, तरी कुणीतरी निरंकार उपवासानं येतंच, आणि इंजेक्शन द्यायच्या आधीच घाम फुटून खुर्चीत कलंडतं.

डायलिसिसवाल्यांना हाताच्या फिस्टुलासाठी (डायलिसिसकरता ऑपरेशननं जोडलेल्या शिरेसाठी) डोस नाही, पण दिवस मात्र बघून या. डायलिसिसच्या वेळी हेपॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध देतात, त्यामुळे त्याच दिवशी रक्त थांबायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी आलेलं उत्तम.

एक फरक इथेच स्पष्ट करते. गालावर सूज आहे, ताप आहे, तोंड उघडत नाही, पू झालाय, तर ते इन्फेक्शन आहे. त्यासाठी दिलेलं अँटिबायोटिक हा उपचार झाला. तो कुणालाही लागू शकतो आणि काही दिवस चालतो. आपण इथे बोलतोय ते इन्फेक्शन नसताना, फक्त प्रतिबंधासाठी घ्यायच्या डोसबद्दल.

एकवीस दिवसांचं इंजेक्शन घेणारे

यांच्याबद्दल परदेशी पुस्तकांत थोडंच सापडतं, कारण तिथे हा आजार फारसा उरलेला नाही. लहानपणी घसा दुखून सांधे सुजतात, ताप येतो, आणि पुढे हृदयाचा व्हॉल्व्ह खराब होत जातो. हा ऱ्हुमॅटिक हृदयरोग. तो पुन्हा उसळू नये म्हणून पेनिसिलीनचं, बहुधा बारा लाख युनिटचं, इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी घ्यावं लागतं. माझ्याकडे कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून, घरकुलातून विडी वळणाऱ्या बायका येतात. त्यांच्यात असे पेशंट आहेत. "ताकदीचं इंजेक्शन हाय" म्हणून सांगतात, म्हणून मला 'दर एकवीस दिवसांनी कमरेत' असं विचारावं लागतं.

यांच्यासाठी तीन गोष्टी. पहिली: ते इंजेक्शन म्हणजे दाताच्या कामाचा डोस नव्हे. 'मी कालच घेतलंय, आता काढा दात' हे चालत नाही. त्याचं रक्तातलं प्रमाण अगदी कमी असतं आणि त्याचं काम वेगळं आहे. दुसरी: सतत पेनिसिलीन घेतल्यामुळे तोंडातले जंतू त्याच्या कुळातल्या औषधांना सरावलेले असण्याची शक्यता असते. त्यामुळे डोस लागत असेल तर अमॉक्सिसिलिन नको, सेफॅलेक्सिनही नको. अॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांतलं एक घ्यायचं. तिसरी: दाताच्या कामासाठी ते इंजेक्शन चुकवायचं नाही.

पण त्यांना डोस लागतो का? व्हॉल्व्ह बदललेला असेल तर नक्की. नुसता खराब असेल, बदललेला नसेल, तर अमेरिकन यादीप्रमाणे नाही. ऑस्ट्रेलियात मात्र जास्त जोखमीच्या समाजगटांतल्या ऱ्हुमॅटिक पेशंटना तो देतात. माझं मत विचाराल तर सोलापूरची परिस्थिती या बाबतीत अमेरिकेपेक्षा तिकडच्या वस्त्यांशी जास्त जुळते. तरी मी स्वतःच्या मतावर देत नाही. कार्डिओलॉजिस्टला विचारते आणि उत्तर केसपेपरवर लिहून ठेवते. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर सिव्हिलच्या ओपीडीत दाखवून लिहून आणा. एक खेप जादा होते, पण पुढच्या प्रत्येक दाताला तोच कागद उपयोगी पडतो.

कुठल्या कामाला

साधा नियम: हिरडीला, दाताच्या मुळाच्या टोकाला हात लागणार असेल किंवा तोंडाच्या आतली त्वचा कापली जाणार असेल तर डोस. म्हणजे दात काढणं, हिरड्यांची सफाई, हिरडीचं ऑपरेशन, इम्प्लांट. रूट कॅनॉललाही मी देते, कारण सुई मुळाच्या टोकापर्यंत जाते. एक्स-रे, कवळीचं माप, हिरडीच्या वरची साधी फिलिंग, ब्रॅकेट चिकटवणं, तार घट्ट करणं, निरोगी जागी दिलेलं बधिरीकरणाचं इंजेक्शन, पोराचा दुधाचा दात आपोआप पडणं किंवा पडून ओठ फुटणं, यांना नको.

दोन-तीन दात काढायचे असतील तर मी शक्यतो एकाच बैठकीत उरकते. ते जमत नसेल तर दोन बैठकांमध्ये किमान दहा दिवस ठेवते, म्हणजे तोंडातले जंतू पूर्वपदावर येतात. सोलापूरच्या बाहेरून, मंगळवेढा, इंडी, करमाळ्याकडून येणाऱ्यांना हे जाचक वाटतं, पण इथे मी ऐकत नाही.

किती आणि कधी

मोठ्या माणसाला अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, एकदाच, तोंडाने, कामाच्या ३० ते ६० मिनिटं आधी. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम. मेडिकलवाले कधी कधी यावर दचकतात. 'दिवसातून तीनदा एक' ही त्यांची सवय. चिठ्ठीवर मी 'चारही एकाच वेळी' असं मराठीत लिहून खाली रेघ मारते. आणि ६२५ची गोळी म्हणजे जास्त पॉवरचं अमॉक्सिसिलिन नव्हे. त्यातही अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅमच आहे, वरचं १२५ क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड. या कामाला त्याची गरज नाही, आणि चार एकदम घेतल्या तर पोट बिघडायची हमी.

घरून घेऊन निघू नका. दवाखान्यात या, माझ्यासमोर घ्या, बाहेरच्या बाकावर बसा. सात रस्त्यावर रिक्षा अडकली, वीज गेली, आधीचा पेशंट लांबला, तर वेळेचं गणित चुकतं. शिवाय औषधाची रिअ‍ॅक्शन आलीच तर रस्त्यात येण्यापेक्षा माझ्यासमोर आलेली बरी. औषध रिकाम्या पोटी किंवा जेवून, दोन्ही चालतं. डोस घ्यायचा राहूनच गेला आणि काम झालं, तर दोन तासांच्या आत घेतला तरी उपयोग होतो, पण ती सोय विसरभोळ्यांसाठी आहे, सवय म्हणून नाही.

पेनिसिलीनची अॅलर्जी असेल तर सेफॅलेक्सिन २ ग्रॅम, किंवा अॅझिथ्रोमायसिन वा क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम. अॅलर्जी म्हणजे नेमकं काय झालं होतं ते सांगा. जुलाब झाले असतील तर ती अॅलर्जी नव्हे. अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, दम लागला, चक्कर येऊन पडलात, तर सेफॅलेक्सिनसुद्धा द्यायचं नाही. हृदयाचे ठोके अनियमित असल्याची औषधं चालू असतील तर अॅझिथ्रोमायसिनआधी कार्डिओलॉजिस्टला विचारायचं. पूर्वी अशा वेळी क्लिंडामायसिन देत; आतड्यांच्या गंभीर त्रासामुळे २०२१ पासून ते यादीतून काढलंय. जुन्या चिठ्ठीवर ते असेल तर बदलून घ्या.

आधीच दुसऱ्या कारणासाठी अमॉक्सिसिलिन चालू असेल तर त्याच्यावर आणखी चार कॅप्सूल नकोत. घाई नसेल तर कोर्स संपल्यावर दहा दिवस थांबायचं; घाई असेल तर दुसऱ्या कुळातलं औषध.

लहान मुलांना वजनाप्रमाणे, किलोमागे ५० मिलिग्रॅम, मोठ्यांच्या डोसपेक्षा जास्त कधीच नाही. सोळा किलोच्या मुलाला ८०० मिलिग्रॅम झाले. पाच मिलिलिटरमध्ये २५० असलेल्या सिरपचे सोळा मिलिलिटर. बाटलीवर १२५ आहे की २५० ते बघा, दोन्ही सारख्याच दिसतात. वजन त्याच दिवशी करा, शाळेच्या कार्डावरचं चालत नाही. आणि हिशोब तुम्ही करू नका, तो माझ्यावर सोडा. हे यासाठी सांगितलं, की एवढं औषध बघून आई घाबरते आणि निम्मं पाजते.

रक्त पातळ व्हायची गोळी

धातूचा व्हॉल्व्ह असलेल्यांना असिट्रॉम किंवा वॉरफरिन जन्मभर असतं. दात काढायचाय म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्यानं ते चार दिवस बंद करून येणारे लोक बघितले की माझाच जीव खालीवर होतो. हिरडीतून आलेलं रक्त मी टाके घालून, बोळा दाबून, ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड लावून थांबवू शकते. व्हॉल्व्हवर धरलेली गुठळी मला काढता येत नाही.

गोळी चालू ठेवून आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) करून या, तीन दिवसांच्या आतला, आदल्या दिवशीचा मिळाला तर छान. ३.५ पर्यंत असेल तर साधा दात मी काढते. वर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून तारीख पुढे. सकाळची वेळ घ्या, म्हणजे रक्त थांबलं नाही तर परत यायला दिवस हाताशी असतो. यांना अँटिबायोटिक शक्यतो तोंडानेच, कमरेत नको, कारण तिथे आत रक्त साकळतं. नंतर दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. आणि दाढदुखीवर मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल घेऊ नका, ते असिट्रॉमचा परिणाम भलताच वाढवतं.

किमोथेरपी चालू असणाऱ्यांनी ताजा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजल्याचा रिपोर्ट, आणावा. पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर अँटिबायोटिकचं आणि तारखेचंही कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात. जबड्याला रेडिएशन मिळालेल्यांनी आणि हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिडची इंजेक्शनं घेतलेल्यांनी कुठल्याही दवाखान्यात 'फक्त एक दात काढा' असं म्हणून बसू नये. तिथे हाड भरून न येण्याचा धोका असतो आणि तो एका डोसनं टळत नाही. रेडिएशन अजून व्हायचं असेल, तर खराब दात त्याआधी काढून घ्या.

मिसरी, आणि नंतरचा ताप

डोस वर्षातून एखादवेळी. ब्रश आणि जेवण रोज. हिरड्या सुजलेल्या असतील तर नुसतं चावतानाही जंतू रक्तात जातात, आणि तेव्हा काही कुणी कॅप्सूल घेत नाही. त्यामुळे व्हॉल्व्हवाल्यांना मी डोसपेक्षा हिरड्यांवर जास्त बोलते: दर सहा महिन्यांनी तपासणी, रात्री झोपण्याआधी मऊ ब्रश. सकाळी बोटानं मिसरी घासणाऱ्या मावश्यांना ही सवय सोडवणं फार अवघड आहे, कारण तंबाखू हाताशीच असते आणि घरात सासूही तेच करत असते. रागावून कुणी सोडत नाही. मी आरशात त्यांच्याच हिरडीतून येणारं रक्त दाखवते. काही जणींनी त्यावर सोडलीय.

काम झाल्यावर पुढच्या काही आठवड्यांत कारण नसताना ताप येऊ लागला, संध्याकाळी थंडी वाजून भरतो, घाम येतो, भूक मेलीय, थकवा जात नाही, तर यादीतल्या माणसानं 'व्हायरल असेल' म्हणून अॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणून खाऊ नये. त्यानं ताप दोन दिवस दबतो आणि रक्तातला जंतू तपासणीत सापडेनासा होतो. आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी), तेही वेगवेगळ्या जागांहून, शक्यतो तीन वेळा घेतलेलं, आणि मग अँटिबायोटिक. जवळच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: व्हॉल्व्ह बदललेला आहे, अमुक तारखेला दात काढला, त्याआधी अमुक औषध घेतलं होतं. माझ्या चिठ्ठीच्या मागे मी या तिन्ही गोष्टी लिहूनच देते. ती चिठ्ठी व्हॉल्व्हच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवा.